पोट्ट्याला आधी प्रोग्रॅमिंगची कोणती भाषा लावू?

मे लागला की नागपुरात नंदनवनातल्या आमच्या घरी हा प्रश्न येतोच. बाहेर ४५ अंश, पोट्टे दिवसभर घरात, आणि कोणाची तरी आई विचारते, "मॅडम, याला पायथन लावू का जावा?" मी उलट विचारते, त्याला टाइप करता येतं का?

हे शहाणपण भाच्यामुळे आलं. तो पाचवीत होता. मी स्वतः पॉलिटेक्निकला सी शिकले, म्हणून त्यालाही सीच लावली. पहिल्याच दिवशी ओळीच्या शेवटचा एक सेमिकोलन (;) सुटला आणि कम्पायलरनं, म्हणजे कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रॅमनं, चूक दाखवली खालच्या ओळीत. "मावशी, चूक वर आहे तर हा खाली काहून दाखवते?" प्रश्न बरोबर होता, माझं उत्तर त्याच्या डोक्यावरून गेलं. चौथ्या दिवशी त्याचं पोट दुखायला लागलं.

मग स्क्रॅच घेतलं, चित्रातल्या ठोकळ्यांतून प्रोग्रॅम बनवायचं साधन. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबनं २००७ मध्ये आणलेलं, फुकट, आणि एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं. ठोकळ्याला ठोकळा जोडायचा, त्यामुळे स्पेलिंग चुकायला जागाच नाही. ते ८ वर्षांपासूनच्या मुलांसाठी आहे. त्याहून लहान असेल तर स्क्रॅचज्युनिअर. मोबाइलच्या पडद्यावर मात्र ठोकळे हाताळताना जीव मेटाकुटीला येतो. जुना का असेना, लॅपटॉप बघा.

स्क्रॅचचा रंगमंच, म्हणजे चित्रं हलतात ती चौकट, ४८० बाय ३६०, मधोमध शून्य. भाच्यानं त्यावर आपली मेट्रो काढली. दोन्ही मार्ग सीताबर्डीला भेटतात, म्हणून सीताबर्डी शून्यावर. प्रजापती नगर उजवीकडे, ऑटोमोटिव्ह चौक वर, इथवर ठीक. पण लोकमान्य नगर डावीकडे न्यायचं तर एक्स (आडवं अंतर) उणे, खाली खापरीला जायचं तर वाय (उभं अंतर) उणे. ऋण संख्या शाळेत अजून आल्याच नव्हत्या; त्याला त्या खापरीच्या गाडीत भेटल्या.

पायथन साधारण सातवीत आणलं, तेही टर्टलपासून, म्हणजे पडद्यावरच्या कासवापासून. कासव चालतं, मागे रेघ उमटते. ही कल्पना १९६७ च्या लोगो भाषेच्या घराण्यातली. चौकोन झटक्यात झाला. त्रिकोणासाठी त्यानं प्रत्येक वळणाला ६० अंश दिले, कारण पुस्तकात समभुज त्रिकोणाचा कोन ६० चा. त्रिकोण जुळेना. तीनऐवजी सहा वेळा फिरवलं तर षटकोन! मी गप्प बसले (सोपं नव्हतं). शेवटी तो उठला, फरशीवर स्वतः चालून वळून पाहिलं आणि म्हणाला, "कासवाला बाहेरून वळा लागते." १२० टाकले, त्रिकोण मिटला. सी, जावा, सी++, यांना घाई नाही. सहा महिन्यांत ॲप बनवून देतो म्हणून वर्षाची फी आगाऊ घेणाऱ्या एका क्लासमध्ये शेजारच्या मुलीनं तयार कोड नुसता उतरवला. एक ओळ बदल म्हटलं तर तिचा हात चालेना. क्लास निवडताना भाषेचं नाव नंतर विचारा, आधी मुलाचा चुकलेला प्रोग्रॅम कोण दुरुस्त करतं ते विचारा.

इंग्रजीचा धाक असलेल्या मराठी शाळेतल्या मुलांना मी एक गंमत दाखवते. पायथन ३ मध्ये चलाचं, म्हणजे किंमत ठेवायच्या डब्याचं, नाव देवनागरीत चालतं: वय, गुण, काहीही. कोडमध्ये थेट १२ असा देवनागरी आकडा लिहिला तर ते अडतं, पण तोच आकडा अवतरणात घालून इंटला (मजकुराची संख्या करणाऱ्या आज्ञेला) दिला की मुकाट्यानं घेतं. यावर गेल्या उन्हाळ्यात एक पोट्टी म्हणाली, "म्हणजे त्याले मराठी येते, फक्त लाजते!"