हिरवा कॅलस पाहून हुरळू नका: कल्चरमधल्या प्रकाशसंश्लेषणाच्या या चुका टाळा

कल्चरमधल्या, म्हणजे काचेच्या भांड्यात वाढवलेल्या वनस्पतिपेशींच्या प्रकाशसंश्लेषणावर प्रोजेक्ट करायचा म्हणणाऱ्याला मी आधी एक हिशेब मांडायला लावतो. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिली एमएस मीडियम (पेशींना वाढवायचं ठरलेलं पोषक माध्यम), साखर नेहमीचीच, लिटरला ३० ग्रॅम. म्हणजे दीड ग्रॅम साखर आणि तिच्यात सुमारे ६३० मिलिग्रॅम कार्बन. वर २०० मिली हवा धरा. हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के, म्हणजे एका वेळी कार्बन जेमतेम ०.०४ मिलिग्रॅम. पायाशी पंधरा हजार पट जेवण वाढलेलं असताना ती पेशी हवेतली शितं वेचत कशाला बसेल?

हा हिशेब न मांडल्यामुळे होणाऱ्या चुका दर वर्षी त्याच असतात.

हिरवं दिसलं, आयोडीन टाकलं, झालं!

शाळेत पानावर आयोडीन टाकून निळाकाळा रंग पाहिलेला असतो. तो प्रयोग डोक्यातून जात नाही. पण तिथे आधी कुंडी अंधारात ठेवून पानातला स्टार्च संपवलेला असतो, हे सोयीस्कर विसरलं जातं.

मागे एक विद्यार्थिनी तंबाखूच्या हिरव्या कॅलसचे (कल्चरमध्ये वाढलेल्या पेशींच्या गोळ्याचे) फोटो घेऊन आली. आयोडीनचा रंग झकास, निष्कर्षाचं प्रकरण लिहून तयार. "सर, स्टार्च आला ना, मग आणखी काय पाहिजे?" मी म्हटलं, त्याच सबकल्चरच्या (ताज्या मीडियमवर हलवलेल्या तुकड्यांच्या) काही बाटल्या फॉइलमध्ये गुंडाळून ठेव, मग बोलू. गाइडचा फोन आला की सबमिशन तोंडावर आहे. मी ऐकलं नाही. पुढच्या सबकल्चरच्या वेळी ती आली ती तोंड पाडूनच: "सर, अंधारातला पण तेवढाच काळा येऊन राहिला!"

येणारच. पेशीभित्तिकेतलं इन्व्हर्टेज हे विकर मीडियममधलं सुक्रोज, म्हणजे साखर, फोडतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आत जातात, आणि वापरून उरलेला माल प्लास्टिडमध्ये (पेशीतल्या लवकांत) स्टार्च होऊन पडतो. उजेडाचा यात काही हात नाही. उलट साखर वाढली की प्रकाशसंश्लेषणाची जनुकंच दबतात. जेन शीन यांनी १९९० मध्ये मक्याच्या प्रोटोप्लास्टमध्ये (भित्तिका काढलेल्या पेशींत) हे दाखवलं. त्यामुळे हिरवा रंग म्हणजे हरितद्रव्य आहे, एवढंच. ते कामाला लागलंय का, हा वेगळा प्रश्न.

त्यासाठी ऑक्सिजन इलेक्ट्रोड लावा. आधी अंधारात श्वसनाची रेघ स्थिर होऊ द्या, मग दिवा लावा, शेवटी डीसीएमयू (प्रकाशसंश्लेषण थांबवणारं रसायन) टाका. उजेडातही ऑक्सिजन घटतच राहिला तर रडू नका, घट किती कमी झाली ते बघा. डीसीएमयूने तो फरक नाहीसा झाला, तरच मी मानतो. पेशीने किती कार्बन पकडला हे किरणोत्सारी कार्बनने मोजणाऱ्यांनाही सूट नाही. कल्चरमधल्या पेशींत पेप कार्बोक्सिलेज हे विकर भरपूर असतं आणि ते अंधारातही कार्बन पकडून मॅलेट बनवतं. अंधारातला आकडा वजा न करता दिलेला आलेख मी वाचतही नाही.

साखर एका झटक्यात बंद

वरचं ऐकून काही पोट्टे दुसऱ्या टोकाला जातात. ३० ग्रॅमवरून थेट शून्य, आणि वरून पॅराफिल्मचे (ताणून बसणाऱ्या सील-पट्टीचे) घट्ट वेढे. कॅलस तपकिरी पडतो, मग ट्यूबलाइट बदलतात. अरे, दिव्याचा काय दोष? खालची साखर काढलीत आणि वरची हवाही कोंडलीत. आत इथिलीन वायू साचतो तो वेगळाच.

माझी सवय अशी: ३०, २०, १०, मग ५ ग्रॅम, आणि प्रत्येक पायरीवर किमान दोन सबकल्चर. दर वेळी फक्त सर्वांत हिरवे तुकडे पुढे न्यायचे, बाकीचे फेकायचे. फेकताना जीव खालीवर होत असेल तर विषय बदला. शेवटच्या पायरीला हवेत १ ते २ टक्के कार्बन डायऑक्साइड लागतोच. ह्यूसमान आणि बार्झ यांनी १९७७ मध्ये चाकवताच्या जवळच्या एका जातीच्या पेशी बिनसाखरेच्या मीडियमवर वाढवल्या त्या दुमजली फ्लास्कमध्ये. वर पेशी, खाली कार्बोनेट-बायकार्बोनेटचं द्रावण, वायू खालून वर. महागडी यंत्रणा नाही ही, फक्त धीर लागतो.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

सुक्रोजऐवजी ग्लुकोज तितकेच ग्रॅम घालू नका, रेणू जवळजवळ दुप्पट होतात आणि परासरण दाब वाढतो. साखर कमी केली तर एक संच मॅनिटॉलने (पेशी सहसा खात नाहीत अशा साखरेसारख्या पदार्थाने) दाब भरून काढलेला ठेवा.

मीडियम पिवळट दिसलं तर ऑटोक्लेव्ह जास्त वेळ चाललाय. १२१ अंशांना १५ ते २० मिनिटं पुरतात.

२,४-डी हे वाढीचं संप्रेरक चालू ठेवून हिरवेपणाची वाट पाहू नका. एनएए आणि कायनेटिन या दुसऱ्या संप्रेरकांवर या.

आणि मे महिना. बाहेर ४५ अंश, वीज गेली की एसी बंद, श्वसन वाढतं आणि आदल्या दिवसाशी तुलनाच करता येत नाही. भिंतीवरच्या थर्मामीटरवर जाऊ नका, बाटलीच्या आत काय आहे ते बघा. मी प्रत्येक फळीवर पाण्याने भरलेली एक बाटली थर्मामीटर घालून ठेवतो. खालच्या फळीच्या ट्यूबचा तापणारा चोक वरच्या बाटल्यांच्या तळाशी येत असेल तर तो काढून खोलीबाहेर लावून घ्या. इलेक्ट्रिशियनला अर्धा तास लागतो.