रात्री दीड वाजता रिकामा झालेला चिवड्याचा डबा

गेल्या नोव्हेंबरात एका रात्री दीड वाजता मी भांडुपच्या आमच्या स्वयंपाकघरात दिवा न लावता उभा होतो. हातात दिवाळीच्या उरलेल्या चिवड्याचा डबा. सादळलेला चिवडा, तरी मुठीमागून मूठ चालली होती. बोटं तळाला लागली तेव्हा कळलं, संपला. चव कशी होती म्हणाल तर आठवत नाही.

त्याआधीचे बारा दिवस आई रुग्णालयात होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. दिवसा ऑफिस, रात्री तिच्या खाटेशेजारच्या स्टुलावर मी, आणि मधल्या वेळात कॅन्टीनचे मेदूवडे, ब्रेड-बटर, कटिंगबरोबर बिस्किटाचा अख्खा पुडा. ती घरी आली, धोका टळला, तरी माझं खाणं थांबेना. वाईट ह्याचं वाटत होतं की जून ते ऑक्टोबर मी हेच अवेळी, टेन्शनमध्ये होणारं खाणं चांगलं आटोक्यात आणलं होतं. पाच महिन्यांचं काम तीन आठवड्यांत पाण्यात.

मी साकीनाक्याला एका मालवाहतूक कंपनीत अकाउंट्स बघतो. वय शेहेचाळीस. मी डॉक्टर नाही की आहारतज्ज्ञ नाही. आधी काय केलं होतं आणि पडल्यावर परत कसा उभा राहिलो, तेवढं सांगतो.

सुरुवात वहीपासून करा. कॅलरी मोजायची वही नको, ती मी पूर्वी दोनदा केली आणि दोन्ही वेळा चौथ्या दिवशी फेकली. खिशात मावेल अशी साधी वही घ्या. जेवणाच्या वेळेबाहेर काही तोंडात टाकलं की तीनच गोष्टी लिहायच्या: किती वाजले होते, त्याच्या आधी काय घडलं होतं, आणि भूक शून्य ते दहापैकी किती होती. काय खाल्लं ते लिहिलं नाही तरी चालेल. पंधरा दिवस एवढंच करायचं, सुधारणा वगैरे काही नाही. कच्च्या नोंदी झाल्याशिवाय खतावणी होत नाही.

माझ्या वहीत चौदा दिवसांत एकवीस नोंदी झाल्या. त्यातल्या तेरा संध्याकाळी सहा ते नऊच्या मधल्या. मी इतकी वर्षं समजत होतो की साहेबांचा फोन, न जुळणारे जीएसटीचे आकडे, मुलीची फी ह्या टेन्शनने मी खातो. टेन्शन होतंच. पण दुपारी सव्वाला डबा खाल्लेला माणूस साडेसातला ऑफिसातून निघतो, मेट्रोने घाटकोपर, तिथून स्लो लोकलने भांडुप, आणि साडेनऊला पानावर बसतो. म्हणजे सव्वाआठ तास पोटात चहाशिवाय काही नाही. घाटकोपरला स्टेशनाबाहेर वडे तळल्याचा वास आला की पाय आपोआप वळणारच. त्याला मी मनाचा दुबळेपणा म्हणत होतो. ती निव्वळ भूक होती.

म्हणून माझ्या मते सगळ्यात मोठा उपाय सगळ्यात कंटाळवाणा आहे: सहा वाजता काहीतरी खा. माझ्या ड्रॉवरमध्ये भाजलेले चणे, शेंगदाणे आणि कुरमुरे असतात. कधी डब्यातलं अर्धं थालीपीठ मागे ठेवतो, कधी खालच्या गाडीवरची दोन केळी. ऑफिसात हसले लोक. हसू देत. एवढ्या एका गोष्टीने वहीतल्या नोंदी निम्म्यावर आल्या.

उरलेल्या निम्म्या मात्र खरोखर टेन्शनच्या होत्या, आणि त्या ओळखायची एक परीक्षा आहे. खावंसं वाटलं की स्वतःला विचारायचं, आत्ता कालची भाकरी आणि मुळ्याची भाजी कुणी पुढे ठेवली तर खाशील? उत्तर हो आलं तर भूक खरी आहे, खा. ‘छे, मला चकलीच हवी’ असं आलं तर गाडी दुसरीकडे चालली आहे. खरी भूक हळूहळू चढते आणि मिळेल ते चालवून घेते. टेन्शनची भूक एकदम येते आणि नाव घेऊन येते.

ह्यामागे शरीराचं गणितही आहे. एकदम धसका बसला की ॲड्रेनलिनने भूक मरते. अपघाताची बातमी कळल्यावर घास उतरत नाही तो ह्यामुळे. पण ताण दिवसेंदिवस मुक्कामाला राहिला की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढलेलं राहतं, आणि त्याने गोड-तेलकट खायची ओढ वाढते. त्यात झोप कमी पडली की भूक लावणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटतं. रुग्णालयातल्या त्या बारा रात्रींत माझ्या शरीरात हे तिन्ही एकदम चाललं असणार. तेव्हा ते ठाऊक असतं तर निदान स्वतःला शिव्या तरी कमी दिल्या असत्या.

परीक्षेत टेन्शन निघालं तर काय करायचं? ‘पाणी प्या, दहा दीर्घ श्वास घ्या’ हे मी करून पाहिलं. माझ्यावर फारसं चाललं नाही, तुमच्यावर चालेल कदाचित. मला उपयोग झाला तो टेन्शनचं नाव लिहिण्याचा. ‘शुक्रवारपर्यंत बँकेचं पत्र येणार नाही’, असं एक वाक्य. राग असेल तर मी एक स्टेशन आधी, कांजूरला उतरून घरापर्यंत चालत येतो. थकवा असेल तर घरी पोचल्यावर पंधरा मिनिटं आडवा पडतो, पंखा लावून, फोन बाहेर ठेवून. एकटं वाटत असेल तर मेव्हण्याला फोन. तो क्रिकेटशिवाय काही बोलत नाही, पण चालतं.

आणि तरीही खावंसं वाटलं तर खा. पण वाटीत काढून, डब्याचं झाकण लावून, डबा जागेवर ठेवून, बसून. आमच्या घरात आता एवढाच नियम आहे: उभ्याने खायचं नाही. मधे बायकोने फरसाण घरात आणायचंच नाही असं ठरवलं होतं. मग पाहुण्यांसाठी आणलेलं माळ्यावर, जुन्या कुकरमध्ये लपवलं. मी शिडी लावून शोधून काढलं. ज्या माणसाला ट्यूबलाइट बदलायला तीन आठवडे लागतात त्याने! बंदी घातलेली वस्तू डोक्यातून हलत नाही. आता बरणी समोर असते आणि कधीकधी आठवडाभर उघडलीही जात नाही.

आईचं प्रकरण जरा नाजूक. ‘आणि एक घे रे झिला’ म्हणत ती ताटात नारळाची वडी टाकते, आणि नको म्हटलं की तिचा चेहरा पडतो. ‘नको’ हा शब्दच मी काढून टाकला. ‘उद्या सकाळी चहाबरोबर दे’ म्हणतो. ती बाजूला ठेवते, तिलाही बरं वाटतं. सकाळी ती वडी मी खरोखर खातो. नाही खाल्ली तर दुसऱ्यांदा हा उपाय चालणार नाही.

आता पडल्यानंतरचं. हा भाग मला कुणी आधी सांगितला असता तर तीन आठवडे वाचले असते.

त्या चिवड्याच्या रात्रीनंतर सकाळी मी काय केलं? कडक उपास. दिवसभर काळी कॉफी, डबा परत आणला, वर एकादशी केल्यासारखा अभिमान. संध्याकाळी पावणेआठला घाटकोपरला दोन वडापाव, घरी नेहमीचं जेवण, आणि अकरा वाजता बिस्किटं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास, पुन्हा तेच. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण मी रोज जगत होतो. चिवड्याच्या डब्यापेक्षा जास्त नुकसान त्यानंतरच्या सकाळींनी केलं.

मुलगी एफवायला आहे, मानसशास्त्र घेऊन. ती म्हणाली, ‘बाबा, तुझ्यावर तर प्रयोग होऊन गेलेत.’ मग सांगितलं: 1975 साली हर्मन आणि मॅक ह्या दोघांनी काही तरुणींना मिल्कशेक पाजला आणि मग चव सांगायच्या निमित्ताने आइस्क्रीम हवं तेवढं खाऊ दिलं. एरवी निर्धास्त खाणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. ज्या एरवी मोजून-मापून खात होत्या त्यांनी मात्र जास्त खाल्लं. एकदा मोडलंच आहे ना, मग आता गेलं खड्ड्यात! हर्मन आणि त्यांच्या सहकारी जॅनेट पॉलिव्ही ह्यांनी पुढे ह्या वृत्तीला नावच जवळजवळ तसं दिलं. ऐकल्यावर मला हसू आलं, कारण ‘गेलं खड्ड्यात, सोमवारपासून बघू’ हे माझं पेटंट वाक्य. 2007 मध्ये ॲडम्स आणि लिअरी ह्यांनी उलटी बाजू तपासली. डोनट खाल्लेल्या काही विद्यार्थिनींना त्यांनी सांगितलं की असं सगळ्यांचंच होतं, स्वतःला फार बोल लावू नका. एरवी खाण्यावर लगाम ठेवणाऱ्या मुलींनी हे ऐकल्यावर नंतर गोळ्या-चॉकलेटं कमी खाल्ली.

हिशेबात चुकीची नोंद झाली तर आम्ही पान फाडत नाही. दुरुस्तीची नोंद टाकतो आणि पुढचं व्हाउचर घेतो. म्हणून माझं आता ठरलेलं असं: जास्त खाल्लं गेलं त्या रात्री कुठलीही शपथ घ्यायची नाही. दात घासायचे आणि झोपायचं. सकाळी नाश्ता नेहमीच्या वेळी, पोट जड असेल तर थोडा, पण चुकवायचा नाही. दुपारचा डबा पूर्ण. सहाचे चणे. रात्रीचं जेवण. कालची बाकी आजच्या पानावर ओढायची नाही, म्हणजे भरपाईचा उपास नाही आणि दुप्पट चालणंही नाही. वजनकाटा आठवडाभर पलंगाखाली. खारट-तेलकट खाल्ल्यावर शरीर पाणी धरून ठेवतं, दुसऱ्या दिवशी काटा दीड-दोन किलो वर दाखवतो आणि माणूस पुन्हा ‘गेलं खड्ड्यात’वर येतो.

दोन दिवसांनी, डोकं शांत झाल्यावर, वही उघडून आधी काय चुकलं होतं ते शोधा. माझ्या बाबतीत दहापैकी आठ वेळा उत्तर एकच असतं: एक जेवण बुडालं होतं किंवा झोप पाच तासांच्या खाली गेली होती. मग सगळे नियम एकदम सुरू करू नका. डिसेंबरात मी फक्त सहाचं खाणं परत आणलं. दहा दिवसांनी वही. उभ्याने न खायचा नियम जानेवारीत.

दोन गोष्टी पटकन सांगून टाकतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपासाचे प्रयोग अजिबात नकोत, साखर एकदम खाली येते. वेळापत्रक डॉक्टरांना विचारूनच बदला. आणि आठवड्यातून एकदा तरी असं ताबा सुटून खाणं तीन महिने चाललं असेल, किंवा खाल्लेलं मुद्दाम उलटी करून नाहीतर जुलाबाची औषधं घेऊन काढत असाल, तर चण्यांनी भागणार नाही. तो उपचाराचा आजार आहे. मानसोपचारतज्ज्ञ माहीत नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, 14416 वर, फुकट. मराठीत बोलता येतं.

परवाच, मार्च एंडिंगच्या धामधुमीत, घाटकोपरला दोन वडापाव आणि एक प्लेट कांदाभजी झाली. घरी आलो तर बायकोने पान वाढलेलंच होतं. बसलो, अर्धी भाकरी आणि पिठलं खाल्लं. ‘बरं नाही का हो?’ तिने विचारलं. म्हटलं, भजी खाऊन आलोय. ‘मग मला का नाही आणली?’ म्हणाली. झोपताना वहीत लिहिलं: पावणेआठ, भूक नऊ, ड्रॉवरमधले चणे मंगळवारीच संपलेत. सकाळी स्टेशनवर जाताना पाव किलो घेतले.