करारावर ‘हो’ म्हणण्याआधी बघा, यादीत तुमचं नाव आहे का

सीपीएलचे (व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्सचे) दोनशे तास, डीजीसीएचे (विमान वाहतूक नियामकाचे) पेपर, टाइप रेटिंगचा (ठराविक विमान उडवण्याच्या प्रशिक्षणाचा) खर्च यावर आता नाशकातही सगळे बोलतात. धुळ्याला नाहीतर बारामतीला फ्लाइंग करून आलेली पोरं गंगापूर रोडला चहा पिताना हमखास भेटतात, त्यांना विचारा. मी लिहितोय ते नोकरी लागल्यानंतरचं. वैमानिकांची संघटना आणि कंपनी यांच्यात करार ठरतो, त्यात ‘मंदी आली तरी कोणाला घरी बसवणार नाही’ असं आश्वासन असतं, आणि बदल्यात पगाराचं काहीतरी सोडायचं असतं. मग तट पडतात. कालपर्यंत एकत्र जेवणारे कॅप्टन एकमेकांना टाळायला लागतात आणि नवीन एफओला (फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिकाला) दोन्हीकडून फोन येतात.

भांडण का होतं ते आधी समजून घ्या, कारण त्यात कोणी खलनायक नसतो. आपल्या धंद्यात सगळं सिनिऑरिटी क्रमांकावर चालतं: विमान कुठलं, बेस (मुक्कामाचं शहर) कुठला, कमांड (कॅप्टनपद) कधी. अमेरिकेत कपात करायची झाली तर यादीच्या तळापासून होते. फर्लो म्हणजे पगार बंद, पण क्रमांक राखलेला, आणि परत बोलावणं त्याच क्रमाने. वरच्यांना घरी जायची भीती जवळजवळ नसते, त्यामुळे संरक्षणाची किंमत त्यांच्या खिशातून जाते आणि फायदा खालच्यांना होतो. २०२० च्या सप्टेंबरमध्ये युनायटेडच्या वैमानिकांनी यावरच मतदान केलं. तास कमी करून काम सगळ्यांत वाटायचं आणि सुमारे २,८५० जणांचा फर्लो पुढच्या जूनपर्यंत टाळायचा, असा सौदा होता. बाजूने ५८ टक्के. म्हणजे दहातल्या चारांनी नाही म्हटलं. त्या चारांना मी स्वार्थी म्हणणार नाही. ‘आज सोडलेले तास कंपनी उद्या परत देईल कशावरून,’ हा प्रश्न रास्तच आहे.

आता माझा विषय, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

मी होतो त्या कंपनीतल्या करारातलं वाक्य साधारण असं होतं: ‘सही होण्याच्या दिवशी सिनिऑरिटी यादीत असलेल्या कोणत्याही वैमानिकाला, कंपनीच्या नियंत्रणाबाहेरची परिस्थिती वगळता, कराराच्या मुदतीत बिनपगारी रजेवर पाठवले जाणार नाही.’ बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर याचा सारांश आला: ‘जॉब सेफ आहे, चिल.’ खाली अंगठ्यांची रांग.

वाक्य पुन्हा वाचा. ‘सही होण्याच्या दिवशी यादीत असलेल्या.’ यादीत नाव कधी चढतं? जॉइन झाल्यावर, टाइप रेटिंग झाल्यावर, की लाइन रिलीज, म्हणजे प्रशिक्षकाशिवाय नेहमीच्या फेऱ्या करायची मोकळीक, झाल्यावर? आमच्याकडे लाइन रिलीज झाल्यावर चढायचं. आम्ही सिम्युलेटर संपवून लाइन ट्रेनिंगमध्ये, म्हणजे प्रशिक्षक कॅप्टनबरोबर प्रत्यक्ष फेऱ्यांवर, होतो. युनिफॉर्म होता, गळ्यात कंपनीचं कार्ड होतं, उजव्या सीटवर बसून प्रवासी नेत होतो. यादीत मात्र नव्हतो. त्यामुळे मतही नाही आणि संरक्षणही नाही. करार मंजूर झाला, ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले, आणि पुढे मंदी आल्यावर पहिला मेल आम्हालाच आला. करार मोडला नव्हता, अक्षरशः पाळला होता.

वडिलांनी सगळी नोकरी सातपूर एमआयडीसीत केली. मेल दाखवला तर चष्मा न लावताच त्यांनी विचारलं, “परमनंट झाला होतास का?” सातपूर-अंबडच्या घरांत हे पोरांनाही कळतं. वेतन करार कोणासाठी, टेम्पररीला ब्रेक कधी देतात, सही कोणत्या तारखेची धरतात, हे जेवताना कानावर पडतं. ओझरच्या एचएएलमध्ये (सरकारी विमान कारखान्यात) २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वेतन करारासाठी संप झाला तेव्हा आमच्या गल्लीत त्यावर जितकी बारीक चर्चा चालली होती, तितकी मी वैमानिकांत कधी ऐकली नाही. आपण लोक कोट्यवधींचं विमान उतरवतो आणि स्वतःचा करार दुसऱ्याने केलेल्या सारांशावरून वाचतो.

म्हणून त्या एका कलमाला हे प्रश्न लेखी विचारा. संरक्षण कोणाला, कोणत्या तारखेच्या यादीप्रमाणे? कधीपर्यंत? आणि ‘वगळता’ या शब्दामागे काय काय येतं? हे शेवटचं साधं नाही. ९/११ नंतर अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी नियंत्रणाबाहेरच्या परिस्थितीचंच कलम पुढे करून, फर्लो संरक्षण असलेल्या वैमानिकांनाही घरी पाठवलं. डेल्टाच्या संघटनेला त्यासाठी लवादाकडे जावं लागलं.

आपल्याकडे तर बऱ्याचदा मतदानच नसतं. प्रत्येकाच्या मेलवर नवीन अटी येतात आणि सही एकट्याने करायची असते. एप्रिल २०२३ मध्ये एअर इंडियाने हमीचे तास (महिन्याला उड्डाण झालं नाही तरी पगार मिळणारे) ७० वरून ४० वर आणणाऱ्या अटी अशाच पाठवल्या. आयसीपीए (पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांची) आणि आयपीजी (मूळ एअर इंडियाच्या वैमानिकांची) या दोन्ही संघटनांनी सही करू नका म्हटलं, तरी पुष्कळांनी केली. याच दोन संघटना २०१२ मध्ये ड्रीमलायनर या नव्या विमानाचं ट्रेनिंग कोणाला द्यायचं यावरून आमनेसामने होत्या. आयपीजीचा संप ५८ दिवस चालला, संघटनेची मान्यता गेली, शंभरावर वैमानिक बडतर्फ झाले. नोटीस पीरियडही आठवत असू द्या: २०१७ पासून कॅप्टनला एक वर्ष, एफओला सहा महिने. तुम्हाला निघायला इतका वेळ लागतो, घरी बसवायला एक मेल पुरतो.

‘बेटा, मी वीस वर्षं आहे, डोळे मिटून सही कर’ म्हणणारा कॅप्टन भेटेलच. तो मनाने चांगलाही असेल, पण त्याचा क्रमांक तुमचा नाही. सल्ला घ्यायचाच तर यादीत तुमच्या थोडाच वर असलेल्याचा घ्या, नाहीतर शंभरेक रुपयांच्या प्रिंटआउटवर पेन घेऊन बसा. कामगार कायद्याच्या वकिलाची फी टाइप रेटिंगच्या खर्चापुढे काहीच नाही. कोर्टाच्या आसपास औद्योगिक दावे चालवणारे वकील नाशकात आहेत, त्यांना विमानातलं कळत नसलं तरी ‘वगळता’ नीट कळतं.

घाबरवायचा हेतू नाही. मी परत उडतोय. आमच्या बॅचमधले बहुतेक उडताहेत, काही दुसऱ्या कंपनीत. कपात येते तशी भरतीही येते, आणि ती आली की कंपन्यांना घाई होते. तेव्हा कागद तयार असलेला माणूस आधी आत जातो. घरी बसलात तर क्लास वन मेडिकल (वैमानिकाचं वैद्यकीय प्रमाणपत्र) लॅप्स होऊ देऊ नका, इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (फक्त उपकरणांवर उडवण्याच्या परवानगीची) तारीख बघा. आणि करारावर चर्चा चालू असतानाच विचारा की रजेवरून परत बोलावल्यावर रिकरन्सीच्या (खंडानंतर पुन्हा सराव करून घेण्याच्या) सिम्युलेटरचे पैसे कोण भरणार. आमच्या करारात त्याबद्दल एक ओळही नव्हती. शेवटी अर्धे कंपनीने दिले, अर्धे आम्ही, आणि त्या अर्ध्यासाठी माझ्या आईची एफडी मोडली.