पडक्या देवळात पक्षी कसे शोधावेत

आपल्याला ते देऊळ दिसतं, पाखराला मात्र तो नुसता कडा असतो. उभा दगड, त्यात कपारी, पुढे आलेलं छज्जं आणि वर टेहळणीला टोक. पक्षी शोधायचे तर आपणही तसंच बघायचं.

उजाडता उजाडता पोहोचा. दगड तापला, माणसांची वर्दळ वाढली की पक्षी दडतात. दुर्बीण ८×४२ ची बरी: आठपट मोठं दाखवते आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगांमुळे अंधाऱ्या मंडपातही भागतं. दहापटीची हातात जास्त थरथरते. कॅमेरा सुरुवातीला पिशवीतच राहू द्या.

आत शिरायची घाई नको. अख्खं शिखर नजरेत मावेल इतक्या लांब, ऊन पाठीवर घेऊन उभे राहा आणि कळसापासून हळूहळू खाली या. टोकावर घार किंवा ससाणा. निखळलेल्या दगडांच्या पोकळ्यांत पोपट, पारवे, पिंगळे. पिंगळा स्वस्थ बसला तर दगडात मिसळून जातो. पण तुम्हाला न्याहाळताना डोकं खालीवर करतो आणि तिथेच सापडतो. पायऱ्यांवर चिरक: काळाभोर नर, शेपटी उभी, तिच्याखाली तांबूस.

आता छज्जाखाली या. भिंगरीचं घरटं असेल तर थांबून बघाच. अर्ध्या वाटीएवढं, भिंतीला चिकटवलेलं. चोचीतून आणलेली चिखलाची एकेक गोळी वेगळी मोजता येते. भिंतीवर पांढरे ओघळ असतील, तर वर कुणाची तरी रोजची बैठक आहे. खाली केस नि हाडकांची गुठळी पडलेली असेल, तर तो घुबडाने न पचलेला, उलटून टाकलेला ऐवज.

फटीतून उगवलेला वड-पिंपळ चुकवू नका. त्याचं बी बहुधा पक्ष्याच्याच विष्ठेतून तिथे पडलेलं असतं, आणि मुळं पुढे चिरे उचकटतात. म्हणजे देवळाला खिंडार पाडणारे हेच! फळं पिकली असतील तर खाली बसून राहा. हरियल, तांबट, कोकीळ, बुलबुल आपणहून येतात.

जागेनुसार नजर बदलावी लागते. हंपीत पिवळ्या गळ्याचा बुलबुल हवा असेल तर देवळांकडे पाठ करून भोवतालच्या धोंड्यांकडे बघा. खडकाळ टेकड्या हेच त्याचं घर, तेही फक्त दक्षिण भारतात. ग्वाटेमालातल्या तिकाल या प्राचीन माया नगरीत उलट वर जायचं: तिथलं चौथ्या क्रमांकाचं मंदिर ६० मीटरहून उंच आहे, आणि लाकडी जिन्याने चढलं की जंगलाचा शेंडा डोळ्यांसमोर येतो. भल्यामोठ्या चोचीचे टूकन पक्षी तिथे मान वर न करता दिसतात.

घरट्यापासून लांब राहा, मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका, सुट्या दगडांवर चढू नका. आणि छज्जाखाली आग्या मोहोळ लटकताना दिसलं, तर पिंगळा कितीही जवळ असो, आवाज न करता मागे फिरा.