युद्धकाळात सत्ता मागताना या चुका टाळा : अमेरिकी आव्हानवीरांचे धडे

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक दर चार वर्षांनी ठरल्या दिवशी होते, मग देश युद्धात का असेना. १८६४ मध्ये यादवी युद्ध ऐन भरात असताना ती झाली, १९४४ मध्ये दुसरे महायुद्ध चालू असताना झाली, आणि कोरिया, व्हिएतनाम व इराक येथे सैनिक लढत असतानाही झाली. त्यामुळे एक जुनाच पेच आव्हानवीरापुढे, म्हणजे सत्तारूढ पक्षाविरुद्ध लढणाऱ्या उमेदवारापुढे, दर वेळी नव्याने उभा राहतो : युद्धाबाबतचे आपले पर्यायी धोरण नेमक्या शब्दांत मांडावे, की चालू धोरणावर टीका करून थांबावे? पर्याय मांडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र नेमकेपणा कशाबाबत हवा, याविषयी प्रचारयंत्रणांची वारंवार गफलत होते. जे अध्यक्षाच्या एका सहीने होऊ शकते, त्याविषयी त्या संदिग्ध राहतात. आणि जे शत्रूच्या किंवा मित्रराष्ट्रांच्या मर्जीवर अवलंबून असते, त्याविषयी मात्र ठाम आश्वासने देतात. पुढील बहुतेक चुकांचे मूळ याच गफलतीत आहे.

पर्याय उशिरा आणि जुन्या मतांशी विसंगत मांडणे

या चुकीचा सर्वांत बोधप्रद नमुना म्हणजे २००४ मधील जॉन केरी यांची मोहीम; अध्यक्ष बुश यांच्याविरुद्ध ते डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार होते. केरी यांच्याकडे इराकविषयी योजनाच नव्हती, असे आजही सर्रास म्हटले जाते. ते खरे नाही. २० सप्टेंबर २००४ रोजी न्यूयॉर्क विद्यापीठात केलेल्या भाषणात त्यांनी चार कलमे मांडली होती : अधिक राष्ट्रांचा सहभाग मिळवणे, इराकी सुरक्षा दलांचे प्रशिक्षण वेगाने करणे, पुनर्बांधणीचा लाभ सामान्य इराकी माणसापर्यंत पोहोचवणे आणि तेथील निवडणुका ठरल्याप्रमाणे पार पाडणे. हे सारे नीट झाले तर पुढील उन्हाळ्यापासून सैन्यमाघारीस आरंभ करता येईल आणि चार वर्षांत सर्व सैनिक मायदेशी आणण्याचे उद्दिष्ट ठेवता येईल, असेही ते म्हणाले होते.

ही योजना वाचताना तिच्यातील दुबळेपणा लगेच ध्यानात येतो. प्रशिक्षण, पुनर्बांधणी आणि निवडणुका ही तिन्ही कामे बुश प्रशासन आपल्या परीने करतच होते, आणि अध्यक्षांनी तेच उत्तर दिले : केरी जे सुचवत आहेत ते आम्ही आधीच करत आहोत. उरले ते पहिले कलम, आणि ते तर परक्यांच्या हाती होते. केरी निवडून आले तरी फ्रान्स आणि जर्मनी इराकमध्ये आपले सैनिक पाठवतील, अशी चिन्हे कोठेच दिसत नव्हती. ज्या युद्धाला तुम्ही चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी केलेले चुकीचे युद्ध म्हणता, त्यात सामील होण्याचे आमंत्रण इतर देशांना कोणत्या तोंडाने देणार, हा बुश यांचा वादसभेतील प्रश्न म्हणूनच वर्मी लागला. (त्याच वादसभेत केरी यांनी मित्रराष्ट्रे मोजताना पोलंड वगळल्याची आठवण बुश यांनी करून दिली आणि पुढे कित्येक दिवस त्यावर विनोद होत राहिले, मूळ मुद्दा मात्र त्या हशात हरवला.)

योजनेपेक्षाही तिच्याखालचा पाया अधिक डळमळीत होता. ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी अध्यक्षांना बळाच्या वापराचे अधिकार दिले, तेव्हा केरी यांचे मत त्या ७७ मध्ये होते. पुढे ऑक्टोबर २००३ मध्ये इराक व अफगाणिस्तानसाठी ८७ अब्ज डॉलरची तरतूद करणारे विधेयक आले. हा पैसा श्रीमंतांच्या करसवलती मागे घेऊन उभा करावा, ही केरी यांचा पाठिंबा असलेली दुरुस्ती फेटाळली गेली आणि त्यानंतर त्यांनी मूळ विधेयकाविरुद्ध मत दिले. संसदीय कामकाजाच्या दृष्टीने ही भूमिका पूर्णपणे सुसंगत होती. परंतु मार्च २००४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील एका सभेत त्यांनी तिचे वर्णन असे केले की, आपण त्या ८७ अब्जांच्या बाजूने आधी मत दिले आणि मग विरोधात दिले. बुश यांच्या प्रचारयंत्रणेने ते एकच वाक्य उचलून जाहिरातीत घातले.

ऑगस्टमध्ये बुश यांनी आणखी एक सापळा लावला : आज जे ठाऊक आहे ते तेव्हा ठाऊक असते, तर तुम्ही २००२ च्या त्या अधिकार देणाऱ्या ठरावाला मत दिले असते का? केरी यांनी ग्रँड कॅन्यन येथे उत्तर दिले की, होय, तो अधिकार देण्याच्या बाजूनेच मत दिले असते. ज्यांच्या नावाने युद्ध पुकारले ती सामूहिक संहाराची शस्त्रे सापडली नव्हती, आणि तरीही त्यांचे हे उत्तर होते. तेथे 'नाही' म्हणण्याची किंमत एक-दोन आठवड्यांच्या टीकेत भागली असती. 'होय' म्हटल्यामुळे पुढील महिन्यातील न्यूयॉर्कचे भाषण जन्मतःच लंगडे झाले. नोव्हेंबरमध्ये बुश यांना २८६ आणि केरी यांना २५१ निर्वाचक मते (राज्यवार ठरणारी, अध्यक्ष निवडणारी मते) मिळाली. इतक्या चुरशीच्या लढतीत पराभवाचे एकच कारण दाखवता येत नाही, परंतु यांपैकी निदान हे कारण केरी यांच्या स्वतःच्या हातातले होते.

यावरचा उपाय कटू असला तरी साधा आहे. पूर्वीचे मत चुकले असेल तर पर्याय मांडण्याआधी, आणि शक्य तितक्या लवकर, ती चूक उघडपणे मान्य करावी. तसे न केल्यास प्रत्येक नवे कलम मागच्या मताच्या मापाने मोजले जाते.

चरित्रालाच धोरण समजणे

जुलै २००४ मधील बॉस्टनच्या अधिवेशनात केरी यांनी सलाम ठोकून आपण कर्तव्यावर हजर झाल्याचे सांगितले, आणि अधिवेशनाचा मोठा भाग त्यांच्या व्हिएतनाममधील शौर्याभोवती फिरला. परिणामी विरोधकांना धोरणावर हल्ला करण्याची गरजच उरली नाही. ऑगस्टमध्ये त्यांनी त्या शौर्यावरच शंका घेतल्या आणि प्रचाराचा बहुमोल महिना पस्तीस वर्षांपूर्वीच्या नदीवरील गस्तीविषयी खुलासे करण्यात गेला.

चरित्राच्या बळावर निवडणूक जिंकता येते, याचा दाखला म्हणून आयझेनहॉवर यांचे नाव नेहमी घेतले जाते. २४ ऑक्टोबर १९५२ रोजी डेट्रॉइट येथे त्यांनी आपण स्वतः कोरियाला जाऊ, एवढेच सांगितले आणि ४४२ विरुद्ध ८९ अशा निर्वाचक मतांनी ते विजयी झाले. त्या वाक्यात धोरण असे काहीच नव्हते. पण बोलणारा माणूस युरोपातील दोस्त सैन्याचा सरसेनापती होता, मावळते अध्यक्ष ट्रुमन स्वतः रिंगणात नव्हते आणि वर्षाहून अधिक काळ चाललेली वाटाघाट युद्धकैद्यांना परत पाठवण्याच्या प्रश्नावर अडून बसली होती. शिवाय दिलेले वचन पूर्णपणे बोलणाऱ्याच्या हातातले होते. विमानात बसायला शत्रूची परवानगी लागत नव्हती. तो पेच शेवटी सुटला तो प्रचारात कोणी न उच्चारलेल्या मार्गाने : मायदेशी जाण्यास नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक कैद्यांचा ताबा भारतीय दलाकडे सोपवण्यात आला आणि त्या दलाचे नेतृत्व मेजर जनरल शंकरराव थोरात या मराठी सेनाधिकाऱ्याने केले. सरसेनापतीची कीर्ती नसलेल्या उमेदवाराने आयझेनहॉवर यांची नक्कल करू नये, एवढेच येथे पुरेसे आहे.

मौनाला मुत्सद्देगिरी मानणे

मार्च १९६८ मध्ये न्यू हॅम्पशायर येथे निक्सन यांनी सांगितले की, नवे नेतृत्व व्हिएतनाममधील युद्ध संपवील; कसे, ते मात्र सांगितले नाही. 'गुप्त योजना' हे शब्द त्यांचे नव्हेत, ते वृत्तपत्रांनी चिकटवले. पण ते इतके चपखल बसले की निक्सन यांनाही झटकता आले नाहीत. तपशील सांगितल्यास पॅरिसमधील वाटाघाटींना धक्का बसेल, हे त्यांचे समर्थन होते. प्रत्यक्षात ऑक्टोबर १९६८ मध्ये दक्षिण व्हिएतनामच्या सरकारने वाटाघाटींपासून दूर राहावे यासाठी रिपब्लिकन पक्षाच्या कार्यकर्त्या अॅना शेनॉल्ट यांच्यामार्फत संपर्क चालू ठेवला गेला, आणि त्यास निक्सन यांची संमती होती हे त्यांचे निकटवर्ती हॅल्डमन यांच्या टिपणांवरून दिसते.

मौन बाळगून निवडणूक जिंकता येते, हे मान्य केलेच पाहिजे, निक्सन जिंकले. परंतु मतदारांनी त्यांना कोणत्याही मार्गासाठी कौल दिला नव्हता, आणि कोणत्याही मुदतीने बांधलेही नव्हते. पॅरिसचा करार जानेवारी १९७३ मध्ये झाला. निक्सन सत्तेवर आल्यानंतर व्हिएतनाममध्ये आणखी २० हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले.

आव्हानवीराकडे गोपनीय माहिती नसते, हे मौनाचे दुसरे समर्थन तर अर्धेच खरे आहे. १९५२ पासून, ट्रुमन यांनी पाडलेल्या प्रथेनुसार, प्रमुख उमेदवारांना गुप्तवार्ता यंत्रणेकडून माहिती देण्याची सोय आहे.

चांगल्या बातमीत न टिकणारा पर्याय

१८६४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने शिकागोच्या अधिवेशनात युद्ध फसल्याचे जाहीर करून शस्त्रसंधीची मागणी केली आणि ३१ ऑगस्ट रोजी जनरल मॅक्लेलन यांना उमेदवारी दिली. २ सप्टेंबरला दक्षिणेतील अटलांटा शहर लिंकन सरकारचे जनरल शर्मन यांच्या सैन्याच्या हाती पडले. ८ सप्टेंबरच्या स्वीकृतिपत्रात मॅक्लेलन यांनी पक्षाच्या शांतता-कलमापासून फारकत घेतली, पण तोवर पक्षाचा जाहीरनामा एक, उमेदवार दुसरे बोलणारा आणि उपाध्यक्षपदाचा सोबती शांततावादी अशी तीन तोंडे तयार झाली होती. लिंकन २१२ विरुद्ध २१ मतांनी जिंकले.

१९७२ मध्ये निक्सन यांचे डेमोक्रॅटिक प्रतिस्पर्धी मॅकगव्हर्न यांनी ९० दिवसांत इंडोचीनमधून पूर्ण माघार घेण्याचे नेमके वचन दिले. नेमकेपणाचा अभाव होता, असे येथे कोणी म्हणू शकत नाही. अडचण अशी की निक्सन आधीच भूसेना कमी करत होते. लढणारी अखेरची पायदळ तुकडी त्याच ऑगस्टमध्ये परतली होती, आणि मतदानाला दोन आठवडेही उरले नसताना निक्सन यांचे सल्लागार किसिंजर यांनी शांतता दृष्टिपथात आल्याचे सांगितले. ज्याच्या हाती सत्ता असते तो ऐन वेळी जमीनच सरकवू शकतो. म्हणून पर्याय आखताना एक चाचणी घ्यावी : उद्या सकाळी युद्धभूमीवरून विजयाची बातमी आली, तर आपले वाक्य तरीही उभे राहील का? 'युद्ध हरत आहोत म्हणून थांबा' हे वाक्य पडते. 'या युद्धाचे उद्दिष्ट आपल्या हिताचे नाही म्हणून थांबा' हे टिकते.

ओबामा यांचे २००८ मधील १६ महिन्यांचे वेळापत्रक टिकले, त्याचे कारण हेच. ऑक्टोबर २००२ मध्ये शिकागोतील सभेत त्यांनी या युद्धाला जाहीर विरोध केला होता. त्यामुळे २००७-०८ मध्ये इराकमधील हिंसाचार ओसरला तरी त्यांच्या मांडणीचा आधार गेला नाही. शिवाय अफगाणिस्तानात अधिक सैन्य पाठवू, असे सांगून त्यांनी माघार म्हणजे दुबळेपणा हा आरोपही बोथट केला. सत्तेवर आल्यावर १६ चे सुमारे १९ महिने झाले आणि सुमारे ५० हजार सैनिक त्यानंतरही राहिले, पण त्यावरून त्यांना कोणी खोटे ठरवले नाही.

सर्वच सांगून टाकणे

नेमकेपणालाही मर्यादा आहे. १९४४ मध्ये रिपब्लिकन उमेदवार टॉमस ड्युई यांना जपानी संकेतलिपी फोडली गेल्याचे कळले होते आणि पर्ल हार्बरवरून रुझवेल्ट यांना कोंडीत पकडण्याची संधी समोर होती. सेनाप्रमुख मार्शल यांनी सप्टेंबरमध्ये एका कर्नलबरोबर त्यांना पत्र पाठवले : जपान्यांची तीच लिपी अजून वापरात असून बर्लिनमधील त्यांच्या राजदूताचे संदेश वाचूनच हिटलरचे मनसुबे कळत आहेत. ड्युई गप्प राहिले आणि हरले. येथे मौनच योग्य होते, कारण ते धोरणाविषयी नव्हते, साधनांविषयी होते.

बिघाड ओळखावा कसा

'हे तर आम्ही करतच आहोत' असे उत्तर अध्यक्षाला सहज देता आले, तर पर्याय अजून पर्याय झालेला नाही. अशा वेळी नव्या कलमांची भर घालण्यापेक्षा आपण पहिल्या दिवशी काय थांबवू, ते सांगावे. पत्रकारांचे प्रश्न सतत उमेदवाराच्या जुन्या मतांकडे वळत असतील, तर दोष योजनेत नसून न दिलेल्या कबुलीत आहे.

उशिरा का होईना, दुरुस्ती होऊ शकते. १९६८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री हे जॉन्सन यांचे उपाध्यक्ष, म्हणजे स्वतःच्याच सरकारच्या धोरणात अडकलेले उमेदवार होते, आणि सप्टेंबरच्या अखेरीस चाचण्यांत ते निक्सन यांच्या बरेच मागे होते. ३० सप्टेंबरला सॉल्ट लेक सिटीहून दूरचित्रवाणीवर बोलताना त्यांच्या समोरच्या मेजावरून उपाध्यक्षपदाचे बोधचिन्ह काढलेले होते. उत्तर व्हिएतनामवरील बाँबफेक थांबवणे ही शांततेसाठी पत्करण्याजोगी जोखीम आहे, असे ते म्हणाले. बाँबफेक थांबवणे हे अध्यक्षाच्या एका आदेशाने होणारे काम होते. त्यानंतर सभांतील हुर्यो ओसरली, देणग्या येऊ लागल्या आणि पाच आठवड्यांनी मतमोजणी झाली तेव्हा दोघांतील अंतर एक टक्क्याहूनही कमी उरले होते.