ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल घरी बदलताना या चुका टाळा

चवथीच्या आधी डिचोलीतल्या आमच्या अंगणात कोणाची ना कोणाची जुनी ऑटोमॅटिक गाडी हमखास येऊन उभी राहते. गिअरबॉक्सचे ऑइल घरीच बदलले आणि तेव्हापासून ‘डी’ टाकला तरी गाडी क्षणभर जागची हलत नाही, अशी तक्रार असते. गिअरबॉक्सला शिव्या देऊन झाल्या की मी विचारतो, काढलेले ऑइल मोजले होते का? उत्तर बहुधा येत नाही. मी व्यवसायाने मेकॅनिक नाही, पण स्वतःच्या गाड्यांचे हे काम वर्षानुवर्षे करत आलो आहे, आणि त्यातली सर्वांत मूर्खपणाची चूक माझीच असल्यामुळे सुरुवात तिच्यापासून करतो.

माझ्याकडे तेव्हा जुनी कोरोला होती. दुसऱ्या दिवशी पहाटे बेळगावला निघायचे होते आणि मी आदल्या संध्याकाळी ड्रेन प्लग, म्हणजे ऑइल काढण्याचे खालचे बूच, उघडून बसलो. नवे ऑइल भरले, इंजिन चालू करून डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी पाहायची पट्टी, ओढली, तर ऑइल ‘हॉट’च्या खुणेच्या बरेच खाली दिसले. मी खुणेपर्यंत भरले आणि वर ‘घाटात कमी पडायला नको’ म्हणून आणखी थोडे ओतले. सकाळी चोर्ला घाटाच्या अर्ध्यावर जळकट वास येऊ लागला, गिअर घसरू लागले आणि बॉनेटखालून धूर निघाला. ऑइल तापून फुगले होते. पातळी फिरत्या भागांपर्यंत चढल्यामुळे ते घुसळून त्याचा फेस झाला होता आणि तो ब्रीदरमधून, म्हणजे गिअरबॉक्सच्या हवा जाण्याच्या वाटेतून, उतू जाऊन सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपावर पडत होता. फेसाला दाब धरता येत नाही, त्यामुळे आतल्या क्लचप्लेटा घसरतात. घाटाच्या कडेला अडीच तास बसून मी डिपस्टिकच्या नळीतून सिरिंजने जादा ऑइल उपसले, तेव्हा गाडी पुढे निघाली.

ऑटोमॅटिकचे ऑइल पन्नास अंशांनी तापले की सुमारे चार टक्के फुगते, म्हणजे सात लिटरमागे पाव लिटरहून थोडे अधिक. म्हणून थंड ऑइल ‘हॉट’च्या खुणेपर्यंत भरणे म्हणजे जाणूनबुजून जास्त भरणे होय. जुन्या टोयोटा गाड्यांत ऑइल 70 ते 80 अंशांवर आल्यावर, गाडी सपाट जागी उभी करून, ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमधून एकदा लिव्हर फिरवून ‘पी’मध्ये आणल्यावर, इंजिन चालू असतानाच पातळी पाहायची असते. त्याच गाडीत इंजिन बंद करून पाहिले तर टॉर्क कन्व्हर्टरकडचे (इंजिन आणि गिअरबॉक्स ऑइलच्या दाबाने जोडणाऱ्या भागाकडचे) ऑइल खाली उतरून पातळी फसवी, म्हणजे जास्त दिसते. जुन्या होंडा गाड्यांत मात्र इंजिन गरम करून, बंद करून, मिनिट-दीड मिनिटाच्या आत पाहायचे असते. तेव्हा मित्राच्या गाडीची पद्धत आपल्या गाडीला लावू नये. गाडीबरोबर आलेले पुस्तक उघडावे. माझी सवय अशी की निघालेले ऑइल पाच लिटरच्या पारदर्शक कॅनमध्ये भरून रात्रभर निवू द्यायचे, कॅनवर पेनने रेघ मारायची आणि तेवढेच नवे ऑइल मोजून भरायचे. शेवटचे शंभर-दीडशे मिलिलिटर गाडी फिरवून आणल्यावरच. भरल्यावर नळी आतून ओली असते, म्हणून दहा मिनिटे थांबून डिपस्टिकच्या दोन्ही बाजू पाहाव्या आणि ज्या बाजूला ऑइल खाली दिसेल ती पातळी खरी मानावी.

ज्या गाड्यांना डिपस्टिकच नाही, त्यांत पातळी ओव्हरफ्लो प्लगमधून, म्हणजे जादा ऑइल बाहेर सोडणाऱ्या बुचातून, आणि ऑइल साधारण 40 अंशांच्या आसपास असतानाच तपासावी लागते. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा 33 वर असतो, त्यामुळे इंजिन चालू केल्यावर ही संधी काही मिनिटांतच निसटते. हे काम सकाळी सहाला करावे. अशा गाडीत भरण्याचा प्लग सुटतो याची खात्री झाल्याशिवाय ड्रेन प्लगला पाना लावू नये. गंजलेला वरचा प्लग हलत नाही आणि खालून ऑइल निघून गेले आहे, अशा अवस्थेत टो-व्हॅन बोलावणारे मी पाहिले आहेत.

आता आपल्या गोव्याची खास चूक. गाडी जॅकने उचलायची आणि खाली जांभ्या दगडाचे चिरे सारायचे. एका नातेवाइकाच्या अंगणात मी पोहोचलो तेव्हा गाडीचा पुढचा भाग दोन चिऱ्यांवर टेकवलेला होता आणि मुलगा नुकताच पाना आणायला उठून घरात गेला होता. उजवीकडचा चिरा फार आवाज न करता दबला. लाल भुगा ओघळला, चिऱ्याचे दोन तुकडे झाले आणि गाडी त्या बाजूने खाली बसली. ऑइलचे घमेले चपटे झाले; मुलाची चादर त्याच्या शेजारीच अंथरलेली होती. जांभा दगड भिंतीत शतकभर उभा राहतो, कारण तिथे भार पूर्ण पृष्ठभागावर पसरतो. गाडीच्या चॅसिसची अरुंद कड एका रेषेत टेकली की तो फुटतो. पावसात भिजलेला चिरा तर त्याहून लवकर फुटतो. जॅक स्टँडचे, म्हणजे उचललेल्या गाडीखाली लावायच्या लोखंडी टेकूंचे, पैसे वाचवणाऱ्यांशी मी या विषयावर वाद घालत नाही, त्यांच्या गाडीखाली जात नाही, एवढेच.

‘लाल ऑइल द्या’ म्हणून दुकानात मागणे ही पुढची चूक. लाल हा नुसता रंग आहे. टोयोटाचे टाइप टी-फोर, ह्युंदाईचे एसपी-थ्री आणि डेक्सरॉन-थ्री ही सगळी लालच. पण क्लचप्लेटांची पकड ठरवणारी रसायने वेगळी असतात, आणि चुकीचे ऑइल पडले की गिअर बदलताना गाडी थरथरते. सीव्हीटीत, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये, साधे ऑइल घातले तर पोलादी पट्टाच पुलीवर घसरतो. शिवाय 2014 साली मारुती सेलेरिओबरोबर आलेली एएमटी ही मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, फक्त क्लच आणि गिअर यंत्रणा आपोआप बदलते, तिच्यात यातले काहीच जात नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

चेंबरचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या भांड्याचे, बोल्ट जोर लावून आवळू नयेत. ॲल्युमिनियमचे आटे गेले की पश्चात्तापाला वाव राहत नाही. गॅस्केटवर सिलिकॉन थापू नये. पुसायला धागे सुटणारे कापड घेऊ नये. जुन्या फिल्टरची ओ-रिंग वरच अडकून राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. चेंबरमधल्या चुंबकावरचा करडा चिखल घाबरण्यासारखा नसतो, मात्र चमकते तुकडे दिसले तर काम तिथेच थांबवावे.

एका खेपेत सगळे ऑइल बदलते, हाही गैरसमजच आहे. साडेसात लिटरच्या गिअरबॉक्समधून ड्रेन प्लग वाटे तीनच लिटर निघत असेल, तर पहिल्या खेपेनंतर आत चाळीस टक्के नवे ऑइल असते, दुसरीनंतर चौसष्ट आणि तिसरीनंतर अठ्ठ्याहत्तर. दोन खेपांच्या मध्ये मी शे-दोनशे किलोमीटर गाडी चालवतो. मशीन लावून एका तासात सगळे धुऊन काढण्याचा मोह, विशेषतः लाखभर किलोमीटर दुर्लक्ष झालेल्या गाडीत, मी तरी टाळतो.

निघालेले ऑइल सोलकढीसारखे गुलाबी-दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. पावसाळ्यात पाण्यातून गाडी घातली असेल किंवा रेडिएटरमधला ऑइल कूलर आतून फुटला असेल. कारण न शोधता नवे ऑइल ओतणाऱ्याच्या कॅनमध्ये पुढच्या महिन्यात पुन्हा सोलकढीच निघते, आणि तोवर क्लचप्लेटांचे अस्तर सुटू लागलेले असते.