१६×२ एलसीडी: सहा पिना की दोन?

आर्डुइनो उनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डला १६×२ एलसीडी (दोन ओळी, प्रत्येकी १६ अक्षरं) समांतर पद्धतीने जोडला, तर चार-बिट मोडमध्येही (डेटासाठी चारच तारा) सहा पिना जातात: आरएस, इनेबल आणि डी४ ते डी७. मग बटणं, रिले कुठे लावणार? त्यापेक्षा मागे आयटूसी (दोनच तारांवर डेटा पाठवायची पद्धत) मॉड्यूल असलेलाच डिस्प्ले घ्या. ए४-ए५ या दोनच पिनांवर काम भागतं. वेग कमी, पण दोन ओळींच्या मजकुरात तो कोणाला जाणवतोय! अक्षरं दिसली नाहीत तर कोडला दोष देण्याआधी मॉड्यूलवरचा निळा प्रीसेट (कॉन्ट्रास्ट जुळवायचा स्क्रू) हळूच फिरवून बघा. मग कोडमधला मॉड्यूलचा आयटूसी पत्ता तपासा: मॉड्यूलवरच्या पीसीएफ८५७४ चिपला बहुधा ०एक्स२७, चिपच्या नावात आकड्यांनंतर ‘ए’ असेल तर ०एक्स३एफ. रंगीत टीएफटी स्क्रीनवर चित्रं हलवायची असतील, तर मात्र आयटूसीचा नाद सोडा. एसपीआय (आयटूसीपेक्षा वेगवान जोडणी) किंवा आठ-बिट समांतरच बरं.